पोथीतील अक्षर आणि पाहणारा मेंदू

श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजा (लाड) हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते. पाली-प्राकृताच्या अभ्यासकाला मात्र ते आठवते ते तेथील जैन मंदिरांत जपल्या गेलेल्या हस्तलिखितांमुळे. सेनगण आणि बलात्कारगण या परंपरांच्या मंदिरांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीत आली; ही सूची १९२६ साली नागपूरला छापली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ प्रकाशात येऊ लागले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादिले, तर कनकामराचे ‘करकंडचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये. (सूचीकार हिरालाल आणि संपादक हिरालाल जैन या दोन भिन्न व्यक्ती होत. नाव सारखे दिसले की माणूसही एकच दिसू लागतो, हे या लेखाच्या विषयाला धरूनच आहे.) डॉ. वैद्य हे बौद्ध विद्येच्या वाचकांना परके नाहीत. दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठाने काढलेल्या बौद्ध संस्कृत ग्रंथमालेतील ‘ललितविस्तर’ (१९५८) आणि इतर अनेक ग्रंथ त्यांच्याच हातून सिद्ध झाले.

अशा पोथीचे पान प्रथमच समोर घेणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था पाहण्यासारखी असते. देवनागरी त्याला येते, व्याकरण त्याने घोकलेले असते. तरी चार ओळी वाचताना त्याची दमछाक होते. शब्द सुटे लिहिलेले नसतात. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षरांची अखंड साखळी असते. ‘च’ आणि ‘व’ यांच्यात एका लहानशा वळणाचा फरक. ‘ब’ आणि ‘व’ पुष्कळदा एकाच चिन्हाने लिहिलेले. ‘त्थ’ आणि ‘च्छ’ ही जोडाक्षरे तर संदर्भावाचून वेगळी करता येऊ नयेत इतकी सारखी. त्यात भर पडते ती पडिमात्रेची. पश्चिम भारतातील जुन्या जैन लेखनात एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दंडाने दाखवीत. त्यामुळे ‘नरे’ हा शब्द आजच्या वाचकाला ‘नार’ असा दिसतो आणि ‘नरो’ हा ‘नारा’ असा. पुरुषाची स्त्री होण्यास एक दंड पुरेसा होतो!

काही महिन्यांच्या सरावानंतर हाच विद्यार्थी त्याच पानावरून सहज नजर फिरवितो. ‘नरे’ त्याला ‘नरे’ असेच दिसते; दंड पाहून मग मनात रूपांतर करावे लागते असे घडत नाही. शाई तीच आहे, डोळेही तेच आहेत. बदल झालेला आहे तो डोळ्यांच्या मागे.

पालीच्या अभ्यासकासाठी ही केवळ कुतूहलाची बाब नाही. सिंहली लिपीतही ‘च’ आणि ‘व’ ही अक्षरे एकमेकांसारखी आहेत, आणि पाली ग्रंथांचे अनेक पाठ सिंहली ताडपत्रांवरूनच आपल्याकडे आलेले आहेत. पालीतील ‘च’ म्हणजे ‘आणि’. पालीतील ‘व’ हा अनेक ठिकाणी ‘एव’चा संक्षेप असतो, म्हणजे निश्चयार्थक. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे: पालीतील ‘च’ म्हणजे मराठीतील ‘व’, आणि पालीतील ‘व’ म्हणजे मराठीतील ‘च’! ‘हे आणि ते’ असे विधान असावे की ‘हेच’ असे विधान असावे, हा भेद सिद्धान्ताचा असू शकतो, आणि तो एका वळणावर अवलंबून राहतो. ते वळण ताडपत्रावर पुसट असेल तर निर्णय कोण करतो? वाचक म्हणेल, मी करतो. वस्तुतः वाचकाला विचार सुचण्यापूर्वीच निर्णय झालेला असतो. तो कसा होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

डोळा हा छायाचित्र घेणारा यंत्रविशेष आहे आणि मेंदू ते छायाचित्र पाहतो, ही समजूत शालेय पुस्तकांतील आकृत्यांनी दृढ केलेली आहे. तिच्यात तथ्य थोडे. डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, १२ कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी आहेत; परंतु तेथून मेंदूकडे जाणारे तंतू सुमारे १० ते १२ लाखच. म्हणजे प्रथम टप्प्यावरच गाळणी लागते. शिवाय स्पष्ट दिसते ते फार थोडे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रात बारीक अक्षर वाचता येईल इतकी तीक्ष्ण दृष्टी असते. उरलेले पान अंधुक असते. ते अंधुक वाटत नाही, याचे कारण डोळा एका सेकंदात ३ ते ४ वेळा उडी मारून निरनिराळ्या ठिकाणी टेकतो आणि मेंदू त्या तुकड्यांचे एक अखंड पान रचून आपल्यापुढे ठेवतो. उडीच्या काळात दृष्टी जवळजवळ बंद असते, तेही आपल्याला कळत नाही.

ताडपत्री पोथीला दोरी ओवण्यासाठी छिद्र असे. कागदावर लिहू लागल्यावर छिद्राची गरज उरली नाही, तरी जैन लेखकांनी पानाच्या मध्यभागी कोरी जागा सोडून तीत लाल ठिपका देण्याची चाल कितीतरी काळ चालू ठेवली. आपल्या प्रत्येक डोळ्यातही असे एक छिद्र आहे. दृष्टिपटलावरून तंतू जेथे एकत्र येऊन बाहेर पडतात तेथे प्रकाशग्राही पेशी नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत याने सतराव्या शतकात हा अंधबिंदू दाखवून दिला. वाचकांनी कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे: ठिपक्याच्या जागी काळा डाग किंवा भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. कागदावर आडव्या रेघा असतील तर रेघ त्या जागेतून अखंड गेलेली दिसते. जेथून काहीच वार्ता येत नाही तेथे काय असावे, हे शेजारच्या वार्तेवरून ठरवून भरले जाते, आणि भरलेले व पाहिलेले यांत आपल्याला फरक करता येत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात पाहण्याच्या क्रियेला अजाणता केलेले अनुमान म्हटले होते. पुढील संशोधनाने या मताला शरीररचनेचा आधार दिला. डोळ्याकडून येणारे तंतू मेंदूच्या मागील खंडात पोहोचण्यापूर्वी थॅलॅमसमधील एका केंद्रात थांबतात. मांजर व माकड यांच्या अभ्यासात असे आढळले की, या केंद्रातील पेशींवर डोळ्याकडून येणारे जोड अल्पसंख्य आहेत. मेंदूच्या बाह्यकाकडून उलट दिशेने येणारे जोड त्यांहून अधिक आहेत. मार्ग दुहेरी आहे, आणि वरून खाली येणारी वाहतूक मोठी आहे. डोळा विचारतो तेव्हा मेंदूकडे पूर्वानुभवाने सिद्ध झालेले उत्तर बहुधा तयार असते. डोळ्याची वार्ता त्या उत्तराला दुजोरा देते किंवा त्यात दुरुस्ती करते.

दुरुस्ती नेहमी होतेच असे नाही. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पत्त्यांचा आहे. अभ्यासपत्रिकेत पत्ते काढल्याबद्दल वाचक क्षमा करतील. नेहमीच्या पत्त्यांत त्यांनी काळ्या रंगाचे बदाम आणि लाल रंगाचे इस्पिक असे काही पत्ते मिसळले आणि ते क्षणभर दाखविले. पाहणाऱ्यांनी निःशंकपणे त्यांना नेहमीच्याच पत्त्यांची नावे दिली. काहींना रंग तपकिरी किंवा जांभळट दिसला, म्हणजे अपेक्षा आणि वस्तू यांच्यात तडजोड होऊन असा रंग दिसला की जो पत्त्यावर नव्हताच. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या बाबतीत हेच घडते. अपरिचित शब्दाच्या जागी त्याला परिचित शब्द दिसतो आणि तो प्रामाणिकपणे तो लिहितो. ‘लेखनिकाने पाठ बदलला’ असे आपण संपादकीय टिपांत लिहितो; अनेकदा त्या बिचाऱ्याने काहीच बदललेले नसते, त्याला तसेच दिसलेले असते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून मुख एकच आहे. ज्या हरणाच्या शरीरावर नजर ठेवावी त्याचे ते मुख होते. दगडात काहीही हलत नाही. तरी मुखाची दिशा व मानेचे वळण प्रत्येक वेळी निराळे भासते. पोथीतील ‘ब’ आणि ‘व’ यांचे समान चिन्ह हे अशाच प्रकारचे मुख आहे. ज्या शब्दाच्या शरीराला ते जोडलेले असेल त्याचे ते होते, आणि शब्दच संशयित असला की ते दोघांचेही होते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराला प्रेक्षकाच्या या स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. तिच्यावर तर त्याने सारी गंमत उभी केली आहे.

दिसणे आणि ओळखणे या दोन क्रिया खरोखर वेगळ्या आहेत काय, की हा केवळ शब्दांचा भेद आहे? याचे उत्तर एका रुग्णाने दिले. पॅरिसमधील वैद्य देजेरीन यांनी १८९२ साली त्याची हकिकत प्रसिद्ध केली. हा सुशिक्षित गृहस्थ १८८७ मध्ये एके दिवशी अचानक वाचू शकेनासा झाला. चष्म्याचा दोष असावा म्हणून तो आधी नेत्रवैद्याकडे गेला. दृष्टी तर ठीक होती: माणसे, वस्तू त्याला ओळखू येत. अक्षरांचे आकारही दिसत. एका अक्षराला तो सर्प म्हणे, एकाला चित्रकाराची घोडी. परंतु ती अक्षरे आहेत आणि कोणती आहेत, हे त्याला कळत नसे. आश्चर्य असे की त्याला लिहिता येत होते, आणि स्वतः लिहिलेले वाचता येत नव्हते. अक्षरावरून बोट फिरविले, आपल्याकडे मुले धूळपाटीवर गिरवीत तसे गिरविले, की अक्षर ओळखू येई. हात अक्षर जाणत होता, डोळाही ते पाहत होता. दोहोंमधील जाणिवेचा एक पूल तेवढा तुटला होता. मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागील भागात इजा आढळली. पक्षाघाताच्या सौम्य झटक्यानंतर आजही काही रुग्णांत हीच अवस्था दिसते. म्हणून वृद्ध माणूस ‘अक्षर दिसत नाही’ अशी तक्रार एकाएकी करू लागला तर चष्म्याच्या दुकानापाशी थांबू नये, मेंदूच्या वैद्याकडेही जावे.

पाली वाङ्मयाच्या वाचकाला या रुग्णाची कथा वाचताना ‘सञ्ञा’ या संज्ञेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. अभिधम्माच्या चित्तवीथीत चक्षुर्विज्ञान म्हणजे निव्वळ दर्शन. ग्रहण, परीक्षण आणि निश्चय हे त्यानंतरचे क्षण मानले आहेत, आणि वस्तूचे नाव व अर्थ यांचे ज्ञान आणखी पुढे, मनोद्वारात होते. विसुद्धिमग्गात बुद्धघोषांनी सञ्ञेचे कार्य सांगताना सुताराचा दृष्टान्त दिला आहे: पुढे ओळखता यावे म्हणून सुतार लाकडावर खूण करून ठेवतो. या खुणेचा धोकाही त्यांनी लगेच दाखविला आहे, आणि त्यासाठी घेतलेले उदाहरण वऱ्हाडातील कोणत्याही शेतात पाहावयास मिळेल. गवताचे बुजगावणे पाहून हरणाच्या पाडसाला ‘माणूस’ अशी जी सञ्ञा होते, तिचा दाखला त्यांनी दिलेला आहे. पाडसाचे डोळे अधू नाहीत. त्याच्याजवळ माणसाची खूण आहे आणि ती खूण समोरच्या आकाराला लागू पडली, एवढेच. याच प्रकरणात नाण्यांच्या राशीकडे पाहणारे तिघे येतात. बालकाला नाण्यांचे रंग-आकार दिसतात. खेडुताला ती व्यवहारोपयोगी वस्तू म्हणून दिसतात. सराफाला मात्र कोणते खरे, कोणते खोटे हेही दिसते. धर्मानंद कोसंबी यांनी १९४० साली मुंबईहून विसुद्धिमग्ग देवनागरीत उपलब्ध करून दिला. त्यामुळे हा भाग मुळातून वाचणे आज कठीण नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. मेंदूचे शास्त्र प्राचीनांना अवगत होते, असे अशा साम्यांवरून म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. विसुद्धिमग्गात मेंदू आहे. पण तो शरीराच्या बत्तीस भागांपैकी एक, कवटीच्या आतील मगजाचा गोळा, पिठाच्या चार गोळ्यांसारखा. मनाचे आसन म्हणून अट्ठकथाकारांनी हृदयवस्तू मानलेली आहे. अभिधम्माचे विश्लेषण अनुभवाचे आहे, अवयवाचे नाही. आणि दर्शन व ओळख यांना वेगळे करण्याइतके सूक्ष्म निरीक्षण त्यांनी शल्यशस्त्रावाचून केले, हेच त्याचे महत्त्व आहे. त्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र जोडल्याने ते वाढत नाही.

अक्षरांची खूण मेंदूत कोठे पडते, याचा शोध देजेरीन यांच्यानंतर शंभर वर्षांनी पुढे गेला. लोरां कोएन, स्तानिस्लास देहाने आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली दाखविले की, वाचन शिकलेल्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला खालच्या भागात एक विशिष्ट जागा लिखित शब्दांना प्रतिसाद देऊ लागते. जगात कोणतीही लिपी घ्यावी, ही जागा जवळपास तीच. लेखनकलेला पाच-सहा हजार वर्षेच झाली आहेत, आणि मेंदूचा एखादा भाग वाचनासाठीच घडावा इतका हा काळ दीर्घ नाही. म्हणून वस्तू व आकार ओळखणाऱ्या जुन्या यंत्रणेचाच एक भाग अक्षरांसाठी वापरात येतो, असे देहाने यांचे प्रतिपादन आहे. देवनागरीत मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे चोहोंकडे लागतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देवनागरी वाचताना स्थानज्ञानाशी संबंधित भागांचाही सहभाग दिसून आला. पडिमात्रेचे लेखन वाचणाऱ्याचा मेंदू कोणी अजून यंत्राखाली तपासल्याचे ऐकिवात नाही. तपासला तर फळ रोचक मिळेल.

यापेक्षाही मोलाचा वाटतो तो लखनौजवळच्या खेड्यांतील प्रयोग. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वयाची तिशी गाठलेल्या निरक्षर व्यक्तींना, त्यांत बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचन शिकविण्यात आले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. बदल केवळ बाह्यकात नव्हता. थॅलॅमस आणि मेंदूस्तंभ यांसारखी खोलवरची केंद्रे दृष्टिक्षेत्राशी अधिक मेळ राखून काम करू लागल्याचे आढळले. ही केंद्रे नजर कोठे वळावी, लक्ष कशावर ठरावे याच्याशी निगडित आहेत. प्रयोगात सहभागी व्यक्तींची संख्या लहान होती, त्यामुळे निष्कर्ष बेताने घ्यावा. तरी ‘आता या वयात अक्षर काय येणार’ असे म्हणून प्रौढवर्गाच्या दारातून परत फिरणाऱ्या माणसाला सांगण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. कारंजाच्या पोथीपुढे बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यातही काही महिन्यांत जो पालट होतो, तो याच जातीचा असावा.

पण सराव ही दुधारी वस्तू आहे. नवशिका ‘च’ला अडखळतो म्हणून तो ‘च’कडे पाहतो; जाणता अडखळत नाही म्हणून पाहतही नाही. स्वतःच्या लेखाची मुद्रिते तपासणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे. लेखकाला छापलेले दिसत नाही, लिहावयाचे होते ते दिसते. पाली सुत्तांत तर एकाच वाक्यसमूहाची आवृत्ती वारंवार येते, आणि नक्कल करणाऱ्याची नजर पानावरून पोथीकडे परत येताना पहिल्या आवृत्तीऐवजी दुसरीवर टेकते. मधला मजकूर गळतो आणि गळला हे कळत नाही, कारण वाक्य बिनतोड जुळते.

पाठसंपादनाच्या शास्त्राने मेंदूचे हे वर्तन प्रयोगांपूर्वीच ओळखून काही बंधने घालून घेतली होती. दोन पाठांत जो अवघड तो सामान्यतः मूळचा मानावा, हा नियम त्याच ओळखीतून आलेला आहे. कारण लेखनिकाचा मेंदू अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड क्वचितच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९६६ साली पूर्ण झाली तेव्हा प्रमुख संपादक डॉ. वैद्य हेच होते. कारंजातील एका ग्रंथावर ज्यांनी पोथ्या ताडून पाहिल्या, त्यांनीच पुढे हे अवाढव्य काम तडीस नेले. प्रती ताडून पाहताना एकाने एकेक अक्षर मोठ्याने उच्चारावे आणि दुसऱ्याने दुसरी प्रत डोळ्यांखाली ठेवावी, ही जुनी रीत आजही उत्तम आहे. संशयित ओळ शेवटाकडून आरंभाकडे अक्षर-अक्षर वाचली तर शब्दाची अपेक्षा मोडते आणि वळण दिसू लागते. पोथ्यांच्या छायाचित्रांवरून अक्षरे ओळखणारी संगणकीय साधनेही आता उपलब्ध झाली आहेत. त्यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पुसट अक्षर ठरविताना अशी अनेक साधने त्या भाषेत कोणते अक्षर अधिक संभवते याचाच आधार घेतात. म्हणजे लेखनिकाच्या जागी दुसरा लेखनिक बसला, आणि तो थकतही नाही.

जेथे एवढे करूनही ‘च’ की ‘व’ हे ठरत नाही, तेथे संपादकाने आपल्याला पटलेला पाठ वर छापावा, दुसरा तळटीपेत द्यावा आणि तो कोणत्या प्रतीत, कोणत्या पानावर आहे हे नोंदवावे. अक्षर पुसट असल्यास ‘पुसट’ असा शब्द लिहावा; त्याच्या जागी आपला तर्क भरू नये.